मोटारीची कांती व पुसावयाचे फडके

वस्तू मिळविण्यास जितके कष्ट पडतात, तितकेच ती राखण्यासही पडतात. परंतु पहिले कष्ट सर्वांस दिसतात व दुसरे कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. आपल्या श्रीगोंदा तालुक्यात एके काळी बैलगाडी व सायकल यांवरच बहुतेक घरांचा व्यवहार चालत असे. आज उसाच्या किंवा दुधाच्या पैशातून म्हणा, अथवा पतपेढीच्या कर्जाचे हप्ते बांधून म्हणा, पुष्कळ अंगणांत मोटार उभी राहिली आहे. घर व शेती यांच्या खालोखाल कुटुंबाची मोठी रक्कम जर कशात गुंतली असेल, तर ती या वाहनातच होय. काही घरांची तर भाकरीच या वाहनावर अवलंबून असते.

विद्यार्थी मित्रांनो, रविवारी सकाळी वडिलांची मोटार धुऊन पुसून ठेवण्याचे काम तुमच्यापैकी अनेकांकडे असते, व ते तुम्ही हौसेने करता. ही हौस स्तुत्य आहे. तथापि मोटारीच्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक ओरखडे दिसतात, ते बहुतांशी धुताना व पुसतानाच पडलेले असतात, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. म्हणजे ज्या हाताने सेवा करावयाची, त्याच हाताने अजाणता इजा होते. ही इजा कशी होते व कोणते फडके कशा रीतीने वापरल्यास ती टळते, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

प्रथम मोटारीचा रंग म्हणजे काय ते पाहू. पोलादी पत्र्यावर गंज धरू नये म्हणून आधी एक रासायनिक लेप देतात. त्यावर अस्तराचा थर, त्यावर खऱ्या रंगाचा थर, व सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक वारनिसाचा थर असतो. या शेवटल्या थरास कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात. मोटारीची चकाकी ती याच थराची. हे सर्व थर मिळून जाडी साधारणतः 100 ते 150 मायक्रॉन भरते, व त्यांपैकी वरचा पारदर्शक थर सुमारे 35 ते 50 मायक्रॉन असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मनुष्याच्या डोक्याचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. तेव्हा ज्या कवचाच्या भरवशावर आपण मोटार उन्हापावसात उभी करतो, ते केसापेक्षाही पातळ आहे! उन्हातील अतिनील किरण शोषून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात. हा थर झिजला की रंग उडतो, पापुद्रे सुटतात, आणि पुढे पत्रा उघडा पडून गंजू लागतो. ओरखडे घालविण्यासाठी जे यंत्राने पॉलिश करतात, तेही या थराचाच काही मायक्रॉन भाग घासून काढते. म्हणून तो उपाय वारंवार करता येत नाही.

पूर्वी रंगाची तऱ्हा निराळी होती. मोटारींच्या आरंभीच्या काळात वारनिसाचे रंग कुंच्याने लावीत, व ते वाळण्यास कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे लागत. 1924 च्या सुमारास अमेरिकेत ‘ड्युको’ नावाचा लवकर वाळणारा रंग मोटारींवर येऊ लागला; आपल्याकडील सुतार व रंगारी लाकडी सामानाच्या फवारणीच्या रंगास अजूनही जे ‘ड्युको’ म्हणतात, ते त्याच नावावरून. वर पारदर्शक थर देण्याची रीत 1980 नंतर सर्वसाधारण झाली. या रीतीने चकाकी वाढली खरी. पण त्याबरोबर बारीक ओरखडाही आरशातल्याप्रमाणे दिसू लागला.

आता ओरखडे पाडतो कोण? फडके नव्हे, फडक्याखाली सापडलेला कण. 1812 साली फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची श्रेणी बसविली. तीत शंखजिरे पहिल्या पायरीवर, चुनखडीचे कॅल्साइट तिसऱ्या, गारगोटी सातव्या व हिरा दहाव्या पायरीवर आहे. खिडकीची काच साडेपाचच्या सुमारास येते. गारगोटीचा कण काचेसही ओरबाडतो; मग वारनिसाची काय कथा! आपल्या भागातील काळी माती स्वतः मऊ असली, तरी तिच्यात काळ्या दगडाची कच, चुनखडीचे खडे व गारगोटीचे कण मिसळलेले असतात, आणि रस्त्यावरील धुळीत ते उडत राहतात.

याशिवाय आपल्या तालुक्यात आणखी एक गोष्ट आहे. गळिताच्या हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उसाच्या चिपाडाची राख उडते व दूरवर वाहनांवर बसते. ऊस जमिनीतून सिलिका मोठ्या प्रमाणात शोषून घेतो, व चिपाड जळाल्यावर ती राखेत उरते. गारगोटी ही सिलिकाचीच बनलेली आहे. आपल्या आया व आज्या राखेने पितळेची भांडी घासून लख्ख करीत, हे तुम्ही ऐकले असेल. राख भांडे स्वच्छ करते ती मळाबरोबर धातूचाही अतिसूक्ष्म थर खरवडून. मग राख बसलेल्या मोटारीवर कोरडे फडके फिरविणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

म्हणूनच आमची पहिली सूचना अशी की, सकाळी गाडी काढण्यापूर्वी कोरड्या पिवळ्या फडक्याने ती झटकण्याची व पुसण्याची जी सार्वत्रिक चाल आहे, ती सोडून द्यावी. मोटारीच्या रंगास याहून मोठा शत्रू नाही. पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैल धुतो तेव्हा आधी भरपूर पाणी ओतून अंगावरचा चिखल भिजवितो व सोडवितो, मगच हात फिरवितो. बैलाच्या बाबतीत जे शहाणपण आपण दाखवितो, ते मोटारीच्या बाबतीतही दाखवावे. काही चालक डिझेलचा बोळा फिरवून तात्पुरती चमक आणतात. त्याने तेलकट थर राहतो, त्यावर धूळ अधिकच चिकटते, व दारेखिडक्यांच्या रबरी पट्ट्याही खराब होतात.

येथे कोणी विचारील, की पुसल्यानेच जर ओरखडे पडतात, तर धुतल्यावर गाडी उन्हातच आपोआप का वाळू देऊ नये? या प्रश्नाचे उत्तर आपल्या विहिरींच्या व बोअरच्या पाण्यात आहे. जमिनीतील पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. ते अधिक असले म्हणजे आपण पाणी जड आहे असे म्हणतो. पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. चहाच्या किटलीत किंवा पाणी तापविण्याच्या बंबात जे पांढरे कीट बसते, तेच मोटारीवर थेंबाच्या आकाराचे पांढरे कडे होऊन बसते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरात विरघळलेली द्रव्ये 500 मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट, व दुसरे पाणी नसल्यास 2000 मिलिग्रॅमपर्यंत चालतात. समजा, पाण्यात 1000 मिलिग्रॅम द्रव्ये आहेत व धुतल्यावर गाडीवर एक लिटर पाणी थेंबाथेंबांनी राहिले. तर ते वाळल्यावर एक ग्रॅम क्षार रंगावर पसरलेला राहील. दर आठवड्यास असे झाल्यास वर्षाकाठी किती होईल, हे खालच्या वर्गातील मुलेही सांगतील. हे डाग ताजे असता पाण्याने निघतात. उन्हाने तापून मुरले म्हणजे निघत नाहीत. मग पाणी घातलेल्या व्हिनेगरने ते विरघळवावे लागतात, व तसे करताना आधी एका कोपऱ्यावर पारख करून लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे लागते. तेव्हा गाडी पुसणे अवश्य आहे. प्रश्न इतकाच की कशाने व कसे?

पाणी टिपणाऱ्या कापडाचे कार्य केशाकर्षणावर चालते. समईच्या वातीत तेल आपोआप वर चढते, टीपकागदाच्या कडेला शाईचा थेंब लागताच तो आत ओढला जातो, हे त्याच नियमाने. तंतूंमधील फटी जितक्या बारीक व जितक्या अधिक, तितके पाणी जोराने आत शिरते. शिवाय कापडास खोली असावी लागते, म्हणजे एखादा चुकार कण राहिला तरी तो रंगावर दाबला न जाता लवीच्या आत शिरून बसतो. चांगल्या टॉवेलाच्या अंगी हे दोन्ही गुण असले पाहिजेत. या दोन कसोट्या हाती घेऊन आता निरनिराळी कापडे तपासू.

जुने लुगडे, धोतर, बनियन किंवा पंचा ही कापडे धुऊन धुऊन मऊ झालेली असतात, म्हणून लोक ती वापरतात. परंतु त्यांची वीण सपाट असल्यामुळे कणास लपावयास जागा नसते. तो कापड व रंग यांच्यामध्ये सापडून सर्व पत्र्यावर ओढला जातो. बनियनाची जाड शिवण व सदऱ्याची गुंडी यांनी होणारी इजा तर उघडच आहे. ही कापडे चाके, पायदाने व इंजिनाचा भाग पुसण्यास ठेवावी.

टर्किश टॉवेलाची कथा मनोरंजक आहे. तुर्कस्तानातील बुर्सा या गावी हातमागावर विणलेले फासेदार टॉवेल हेन्री ख्रिस्टी या इंग्रजाने पाहिले. 1850 च्या सुमारास सॅम्युअल होल्ट याने ते विणण्याचे यंत्र सिद्ध केले, व 1851 च्या लंडन येथील महाप्रदर्शनात तो माल मांडण्यात आला. आपल्या शेजारच्या सोलापुराने ही कला आपलीशी केली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी वाढविलेल्या या गावी 1877 साली पहिली कापडगिरणी चालू झाली. आणि आज सोलापुरी चादरीप्रमाणेच सोलापुरी टर्किश टॉवेलासही भौगोलिक निर्देशाची सरकारी नोंद मिळालेली आहे. या मागावर ताण्याचे दोन रूळ असतात. एकाचे धागे घट्ट ताणलेले व दुसऱ्याचे सैल असतात. बाण्याचे तीन धागे पडले की फणी ते एकदम पुढे ठोकते, व सैल धागे उचलले जाऊन त्यांचे फासे उभे राहतात. हे फासेच पाणी पितात व कणास पोटात घेतात. गमतीची गोष्ट अशी की, ज्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापून मुंबईस कुर्ला येथे मोटारींचा कारखाना काढला, ते शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्मही 1882 साली सोलापुरातच झाला होता. टॉवेलाचे गाव व मोटारीच्या कारखानदाराचे गाव अशा रीतीने एकच!

स्वच्छ, मऊ, जाड लवीचा सुती टर्किश टॉवेल घरी असल्यास तो सपाट फडक्यापेक्षा पुष्कळ बरा. परंतु त्याचा दोष असा की, जड पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळविल्यावर त्याचे फासे ताठ व खरखरीत होतात. गाल पुसताना जो टॉवेल बोचतो, तो रंगासही बोचणार. त्याच्या कडेची दाट वीण व शिवणही कठीण असते.

शॅमॉय नावाचे मऊ कातडे चालकवर्गात फार दिवस मानाचे होते. हे नाव युरोपातील डोंगरी शेळीसारख्या एका प्राण्यावरून आले. हल्ली हे कातडे मेंढीचे असते व माशाच्या तेलाने कमावलेले असते. तशाच रूपाचा कृत्रिम पदार्थही डब्यात मिळतो. दोन्ही पाणी उत्तम पितात. पण दोन्ही सपाट असल्याने पहिली कसोटी उतरतात व दुसरीत नापास होतात. काच पुसण्याची रबरी पट्टी काचेपुरतीच ठेवावी. तिच्याखाली एक जरी कण सापडला, तरी पत्र्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ निघते.

आता राहिला मायक्रोफायबरचा टॉवेल. जपानात 1970 च्या सुमारास मियोशी ओकामोटो या संशोधकाने अतिसूक्ष्म कृत्रिम तंतू काढण्यात यश मिळविले, आणि तेथून या कापडाची प्रगती झाली. तंतूचा बारीकपणा डेनियर या मापाने सांगतात. ज्या तंतूची 9000 मीटर लांबी एक ग्रॅम भरते, तो एक डेनियरचा. रेशमाचा तंतू साधारणतः एक डेनियरहून किंचित जाड असतो. मायक्रोफायबर एकाहून कमी. बहुधा त्यात पॉलिएस्टर 80 भाग व पॉलिअमाइड म्हणजे नायलॉनच्या जातीचे द्रव्य 20 भाग असते, व प्रत्येक तंतू चिरून त्याच्या फोडी केलेल्या असतात.

येथे गणिताच्या विद्यार्थ्यांनी थोडा विचार करावा. तंतूचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच वजनात तंतूची लांबी चौपट होते व एकंदर पृष्ठभाग दुप्पट होतो. पॉलिएस्टर स्वतः पाणी पीत नाही. हवेतील ओल घेण्याची कापसाची शक्ती शेकडा साडेआठ मानतात, तर पॉलिएस्टरची शेकडा अर्ध्याहूनही कमी. तरीही या टॉवेलात पाणी भरपूर मावते, कारण ते तंतूंच्या आत नव्हे, तर तंतूंमधील असंख्य फटींत केशाकर्षणाने धरले जाते. म्हणूनच पिळताच ते सुटते, व टॉवेल पुन्हा कामास येतो.

विकत घेताना पुढील गोष्टी पाहाव्या. टॉवेलाचा भरदारपणा ‘जीएसएम’ या अक्षरांनी, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम यावरून, सांगतात. पाणी टिपण्यासाठी 500 किंवा त्याहून अधिक असावे. इतर पुसापुशीस 300 ते 400 पुरे. दुकानदाराचा आकडा खरा आहे की नाही, हे घरच्या तराजूवर पाहता येते. 60 सेंटिमीटर रुंद व 90 सेंटिमीटर लांब टॉवेलाचे क्षेत्रफळ 0.54 चौरस मीटर. तो 600 जीएसएमचा असेल तर कोरड्याचे वजन 324 ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. कडेची शिवण मऊ असावी किंवा कड बिनशिवणीची असावी. छापील चिठ्ठी शिवलेली असल्यास ती आधी काढून टाकावी. कापड नवे असता त्यावर गिरणीतील द्रव्य राहिलेले असते, म्हणून एकदा धुऊन घ्यावे व मग त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब तत्काळ आत गेला तर कापड चांगले. मोत्यासारखा वर राहिला तर निरुपयोगी. दुसरी पारख म्हणजे निकामी झालेल्या सीडीच्या चकचकीत बाजूवर कापड दाबून घासावे व ती उन्हात तिरपी धरावी. नवे ओरखडे दिसल्यास ते कापड रंगावर नेऊ नये.

आता कृती. गाडी सावलीत आणावी व पत्रा हातास थंड लागेपर्यंत थांबावे. प्रथम छतापासून खाली पाणी सोडून धूळ व राख वाहून जाऊ द्यावी. मग गाडीसाठी मिळणाऱ्या शांपूच्या पाण्याने धुवावे. कपड्यांची पावडर वापरू नये, कारण तिच्यातील क्षारांनी रंगावरील मेण निघून जाते. बादल्या दोन ठेवाव्या, एक शांपूची व दुसरी बोळा खळबळण्याची. म्हणजे काढलेली माती परत रंगावर जाणार नाही. शेवटी नळीचे तोंड मोकळे ठेवून पाण्याचा संथ पडदा छतावरून सोडावा. पाणी अखंड वाहिले म्हणजे थेंबांनाही आपल्याबरोबर ओढून नेते, व पुसण्याचे काम निम्मे होते.

यानंतर टॉवेल किंचित ओलसर करून छतावर व बॉनेटवर पूर्ण पसरावा, आणि दोन कोपरे धरून हलकेच आपल्याकडे ओढावा. किंवा टीपकागदाने शाई टिपावी तसा ठेवून नुसता थोपटून उचलावा. दाबून घासू नये. जोर हाताने नव्हे, केशाकर्षणाने लावावयाचा आहे. बाजूंसाठी लहान टॉवेल चौपदरी घडी घालून घ्यावा, म्हणजे बदलून वापरण्यास आठ भाग मिळतात. क्रम छत, काचा, बॉनेट, मागचा भाग, मग बाजू, असा असावा. दारांच्या खालचा भाग सर्वांत शेवटी, आणि चाकांस निराळे फडके. दारे उघडून कडांतील पाणी टिपावे. आरसे व मुठी यांमागून ओघळ येतात, तेथे पुन्हा एकदा हात द्यावा. टॉवेल जमिनीवर पडला तर तो धुतल्याशिवाय परत वापरू नये. हा नियम मोडण्याचा मोह सर्वांस होतो, म्हणून तो विशेष सांगितला. शेवटी गाडी थोडी चालवून ब्रेक दोनचार वेळा दाबावे, म्हणजे तबकड्या वाळून गंजणार नाहीत.

टॉवेलाची निगा हाही कामाचाच भाग होय. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नये, कारण कापसाचे तुसे त्यास चिकटतात. कोमट पाणी व सौम्य द्रव साबण पुरे. ब्लीच व कपडे मऊ करणारे द्रव्य वर्ज्य, कारण दुसऱ्याचा मेणकट थर फटी बुजवितो व पाणी पिण्याची शक्ती जाते. दोरीवर सावलीत वाळवावा, कुंपणाच्या काट्यांवर नव्हे; वाळल्यावर झाकणाच्या डब्यात ठेवावा.

पाण्याचाही हिशोब पाहू. आपला तालुका पर्जन्यछायेचा. घोड व कुकडीच्या कालव्यांनी बराच भाग हिरवा केला असला, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यावस्त्या असतातच. मिनिटास 12 लिटर देणारी नळी पंधरा मिनिटे चालली तर 180 लिटर पाणी जाते. 15 लिटरच्या तीन बादल्यांत काम उरकल्यास 45 लिटर. एका धुण्यात 135 लिटरांची बचत! नळी नसेल तेथे तांब्याने छतावरून पाणी सोडले तरी चालते. धूळ आधी भिजली पाहिजे, एवढेच.

पालकवर्गास आमची एक विनंती आहे. चांगला टॉवेल घेण्यास काहीशे रुपये पडतात, म्हणून तो अनाठायी खर्च समजू नये. गाडीस नवा रंग देण्याचा खर्च याच्या कितीतरी पट आहे, व विकण्याच्या वेळी गिऱ्हाईक पहिली नजर रंगावरच टाकते. आणि विद्यार्थ्यांपैकी जे सुट्टीत रस्त्याकडेच्या धुलाई केंद्रावर काम करून आपल्या शिक्षणास हातभार लावतात, त्यांस आम्ही विशेषतः सांगतो की, हे काम हलके नाही. ज्यास कण, क्षार व तंतू यांचे ज्ञान आहे, तो गाडी धुणारा मजूर न राहता कारागीर होतो. त्याने पुसलेली गाडी दहा वर्षांनंतरही आपला रंग दाखविते, व मालक पुढच्या खेपेस त्यालाच शोधीत येतो.